वस्तऱ्यावरचा डाग त्याच जागी परत का येतो?

जुन्या पोलादी वस्तऱ्यावरचा डाग घासून घालवणं हे एका दुपारचं काम आहे. कटकट त्यानंतर सुरू होते. लख्ख केलेलं पातं आषाढात कपाटात ठेवावं आणि श्रावणात उघडून बघावं, तर त्याच जागी तोच तपकिरी ठिपका हजर. पुन्हा पॉलिश, पुन्हा ठिपका. दर खेपेला पोलाद थोडं झिजतं, डाग मात्र हक्क सोडत नाही.

माझं म्हणणं एवढंच की डाग कशाने काढायचा हे विचारण्याआधी तो पात्यावर नेमका कुठे पडलाय ते बघा. पिनेजवळचा डाग, धारेवरचा डाग आणि मुठीच्या आड पडलेला डाग यांची कारणं वेगवेगळी असतात. कारण तसंच राहिलं तर पॉलिशची अख्खी ट्यूब संपवूनही उपयोग नाही.

कुठल्या वस्तऱ्याबद्दल बोलतोय तेही सांगतो. सलूनमध्ये हल्ली अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा असतो. तिथे ब्लेड फेकलं की डागही गेला. इथे विषय आहे तो अखंड पात्याच्या, चामड्याच्या पट्ट्यावर परजायच्या वस्तऱ्याचा. आजोबांच्या ट्रंकेत, एखाद्या जुन्या धोकटीत, मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अजूनही हे सापडतात, आणि बऱ्याच वेळा शेपटीवर जर्मनीतल्या झोलिंगेनचं किंवा इंग्लंडमधल्या शेफील्डचं नाव ठोकलेलं असतं. हे कार्बन पोलाद, म्हणजे टक्काभर किंवा किंचित जास्त कार्बन आणि गंजाला अडवणारं क्रोमियम जवळजवळ नाहीच. शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने स्टेनलेस पोलाद पुढे आणलं ते १९१३ साली. त्यामुळे त्याआधीचा वस्तरा गंजणाराच, आणि नंतरचेही पुष्कळसे तसेच. 'रोस्टफ्राय' किंवा 'इनॉक्स' असं कोरलेलं असेल तर ते स्टेनलेस. पण त्यालाही मीठ आणि ब्लीच चावतं, हे विसरू नका.

डाग आहे तरी कशाचा?

सगळेच डाग गंजाचे नसतात, आणि लोक इथेच उगाच पॉलिशपेपर घासायला घेतात.

मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट कापसावर घ्या आणि पाठीकडून धारेच्या दिशेने हलक्या हाताने पुसा. मधासारखा पिवळट-तपकिरी थर निघून आला, तर ते वर्षानुवर्षं वाळलेलं तेल होतं. स्पिरिटने नाही निघालं तर टर्पेंटाइनने निघतं. (थिनर मात्र जवळ आणू नका. जुनी मूठ सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकची असेल तर ती थिनरने विरघळेल.) पांढुरका खरखरीत थर असेल आणि टूथपिकने खरवडल्यावर पूड पडत असेल, तर बोअरच्या जड पाण्यातले क्षार आणि साबण एकत्र बसलेत. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि ती टूथपिक एवढ्यावर काम होतं.

आता उरला तो खरा डाग. त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि पांढऱ्या सुती फडक्याने टिपा. फडक्यावर तांबूस रंग उतरला तर गंज जिवंत आहे, म्हणजे अजून पोलाद खातोय. फडकं जवळजवळ स्वच्छ राहिलं आणि डाग काळाच दिसत असेल, तर तो जुना, बसलेला ऑक्साइड. आणि पात्यावर सगळीकडे पसरलेली राखाडी-निळसर झाक असेल तर तिला डाग म्हणूच नका. ती वापराची झाक आहे, ताज्या गंजाला थोडी अडवतेही. मी ती काढत नाही. आरशासारखं पातं फोटोत छान दिसतं, दाढीला त्याने काडीचा फरक पडत नाही.

शेवटची परीक्षा सुईची. शिवणाची सुई आडवी धरून डागावरून वजन न देता ओढा. सरकत गेली तर डाग वरवरचा. टोक क्षणभर अडलं तर तिथे खड्डा आहे. सोनाराचं दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळालं तर जरूर बघा. वरून मिरीच्या पुडीसारखा दिसणारा ठिपका भिंगाखाली खोल विवर निघतो, कडा काळ्या आणि तळाशी लालसर. तळाशी अडकलेला घामाचा किंवा खाऱ्या हवेचा क्लोराइड हवेतली ओल ओढत राहतो, म्हणून वरून घासून काढलेला ठिपका आतून पुन्हा रंगतो.

जागा बघा, कारण सापडेल

पिनेभोवती, म्हणजे पातं मुठीत जिथे बसतं तिथे डाग असेल तर दाढीनंतर धुतलेलं पाणी मुठीच्या दोन फाकांच्या मधे शिरतंय. तिथली फट इतकी बारीक असते की पाणी आत ओढलं जातं आणि फडकं पोचत नाही. वर पिन पितळेची. पितळ आणि पोलाद खाऱ्या ओलीत एकमेकांना लागून राहिले की पोलादाचाच बळी जातो. यावर उपाय म्हणजे वस्तरा नळाखाली धरायचाच नाही. पात्याचा पुढचा भागच पाण्याने पुसायचा, आणि नंतर जुन्या सुती बनियनची चिंधी फाकांमधून पुढे-मागे ओढायची.

एकाच बाजूला डाग, दुसरी बाजू स्वच्छ. हे दिसलं की वस्तरा मिटून उजेडाकडे धरा आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना किती फट दिसते ते बघा. जुन्या मुठी वाकतात. पातं एका फाकेला घासत बसलं की तिथली ओल वाळत नाही. किंवा वस्तरा मखमलीच्या जुन्या डबीत एकाच कुशीवर पडून असेल. कातडी म्यानाचंही तसंच आहे. चामडं कमावताना वापरलेलं टॅनिन ओल्या लोखंडाला लागलं की निळसर काळे डाग पाडतं, आणि ते गंजासारखे दिसत नाहीत म्हणून लोक गोंधळतात.

बोटांच्या आकाराचे डाग असतील तर घाम, किंवा तुरटी. तुरटीचा मुद्दा आपल्याकडे विशेष लक्षात घ्यायला हवा. दाढी झाली की ओली तुरटी गालावर फिरवायची आणि त्याच हाताने वस्तरा उचलून पुसायचा, हा क्रम बहुतेकांचा. काहीजण तर कातडी ताणताना बोट घसरू नये म्हणून दाढीच्या मधेच बोटांना तुरटी लावतात. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं, शिवाय त्यात सल्फेट. पात्यावर वाळलेला त्याचा एक ठसा रात्रभरात राखाडी होतो आणि आठवड्याभरात लाल. बिचाऱ्या दाढीच्या साबणाला उगाच शिव्या बसतात. साबण अल्कधर्मी, तो लोखंडाला फारसा त्रास देत नाही. आधी वस्तरा पुसून बाजूला ठेवायचा आणि मग तुरटी हातात घ्यायची, एवढा क्रम बदलला की हे डाग थांबतात.

धारेच्या अगदी कडेने बारीक काळ्या ठिपक्यांची रांग असेल तर पातं पुसलं जातंय पण धार पुसली जात नाही. ती पुसायला माणूस घाबरतो, आणि ते बरोबरच आहे. म्हणूनच दाढीनंतरही चामड्यावर किंवा कापडी पट्ट्यावर आठ-दहा हलके हात मारायचे. ते धार लावायला नसतात, धारेवरची ओल टिपायला असतात. जुने कारागीर हे करायचे. आपण दाढीच्या आधी परजतो आणि नंतरचं सोडून देतो.

आता राहिला तो प्रकार जो सर्वांत जास्त चकवतो. वस्तरा वापरात नाही, कोरड्या कपाटात आहे, तेल लावलेलं आहे, तरी मुठीच्या आड येणारा सगळा भाग दोन्ही बाजूंनी गंजतो आणि मुठीच्या बाहेर राहणारी शेपटी जवळजवळ स्वच्छ. माझ्याकडे दुरुस्तीला आलेला झोलिंगेनचा एक वस्तरा असाच होता, कासवाच्या पाठीसारख्या पिवळ्या-तपकिरी अर्धपारदर्शक मुठीचा. पातं साफ करून परत दिलं की पुढच्या पावसाळ्याआधीच तक्रार. भिंगातून पिन बघितली तेव्हा उलगडा झाला. पितळेच्या डोक्याभोवती हिरवट खरपुडी चढलेली आणि मुठीत आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. नाकाशी धरल्यावर कापराचा आणि त्याच्या मागून काहीतरी झोंबणारा वास.

ती मूठ सेल्युलॉइडची होती. अमेरिकेत हायट बंधूंनी १८७० मध्ये पेटंट घेतलेलं हे प्लॅस्टिक, नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून बनवलेलं. त्या काळात हस्तिदंत आणि कासवाच्या कवचाची नक्कल म्हणून वस्तऱ्यांना सर्रास लावलं गेलं. कापूर उडून जातो, नायट्रोसेल्युलोज सावकाश विघटित होत नायट्रोजनची ऑक्साइडं सोडतं, आणि हवेतल्या बाष्पाशी त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. म्हणजे पातं त्याच्याच मुठीतून येणाऱ्या आम्लाच्या वाफेत बसलेलं. इथे तेलाचा थर किती दिवस टिकणार?

अशी मूठ दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. पिनेचं डोकं कानशीने घासून पिन ठोकून काढायची आणि शिंग, शिसव किंवा ॲक्रिलिकची नवी मूठ बसवायची. ते होईपर्यंत हा वस्तरा उघडा, खेळत्या हवेत आणि बाकीच्या वस्तऱ्यांपासून लांब ठेवा. हवाबंद डबीत ठेवला तर वाफ आतच कोंडते, आणि एकाच पेटीतले शेजारीही गंजतात. इंटरनेटवर तापलेली सुई टोचून सेल्युलॉइड ओळखायची युक्ती सांगतात, ती करू नका. हा पदार्थ भडकन पेट घेतो.

आता काढायचं कसं

सर्वांत सौम्य उपायापासून सुरुवात करा आणि डाग गेला की तिथेच थांबा. जिवंत पण वरवरच्या गंजाला मशीनचं तेल आणि सर्वांत बारीक, चार शून्यांचं स्टीलवूल बहुधा पुरतं. त्याने नाही झालं तर गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळणारी मेटल पॉलिशची ट्यूब कापसावर घेऊन. ब्रासोही चालतं, फक्त त्यात अमोनिया असतो म्हणून नंतर स्पिरिटने पूर्ण पुसून काढा, पिनेजवळ साठू देऊ नका.

हात कापायचा प्रसंग याच टप्प्यावर येतो, त्यामुळे इथे घाई नको. पुढे निसण्यावर धार लावायचीच असेल, तर आधी धार मोडून घेणं सर्वांत सुरक्षित. काचेच्या ग्लासाच्या गुळगुळीत कडेवर धार टेकवून, वजन न देता एकदा सरळ ओढायची. धार राखायची असेल तर धारेवर मास्किंग टेपचा दुहेरी पदर लावा. पातं हातात धरून घासायचं नाही. लाकडी पट्टीच्या कडेशी ते असं आडवं ठेवा की खालून पूर्ण आधार मिळेल आणि मूठ बाहेर राहील. खोलगट घासलेलं पातं धारेजवळ कागदाइतकं पातळ असतं, आधाराशिवाय दाबलं तर चिरतं. हात नेहमी पाठीकडून धारेकडे आणि धार ओलांडून बाहेर. उलट कधीही नाही.

खड्डे असतील तर वॉटर पेपर. गाड्या रंगवणाऱ्यांच्या दुकानात सगळे नंबर मिळतात. बाटलीच्या बुचाला कागदाचा तुकडा गुंडाळा, तेलात बुडवा आणि १००० नंबरने सुरू करा. मग १५००, मग २०००, शेवटी पॉलिश. ६०० पर्यंत खाली उतरायची वेळ क्वचितच येते, आणि उतरलात तर त्या ओरखड्यांना घालवण्यातच रविवार जाईल. प्रत्येक नंबरवर आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण दिसेनासे होईपर्यंत पुढे जायचं नाही. पॉलिश फिनिश न येण्याचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं.

खड्डा तळापर्यंत घासून सपाट करायचा हट्ट मात्र नको. लाल निघून गेलं, काळा बिंदू उरला, की पुरे. खोल खड्ड्यात टूथपिकच्या टोकाने पॉलिश फिरवा, स्पिरिटने धुवा, हेअर ड्रायरच्या कोमट हवेने वाळवा आणि लगेच तेल भरा. तो काळा बिंदू तसाच राहू दे.

पाठीला हात लावू नका. निसण्यावर वस्तरा ठेवतो तेव्हा पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली असतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यावरच धारेचा कोन ठरतो, साधारण १६ ते १८ अंश. पाठ घासून बसवली की कोन बिघडला, आणि मग कितीही निसा, धार बसत नाही. तसंच पात्यावरची सोनेरी अक्षरं. तो मुलामा इतका पातळ असतो की पॉलिशच्या चार हातांत उडतो. अक्षरांमधला गंज फक्त तेल आणि टूथपिकने काढा, जितका निघेल तितका.

काय करू नये तेही सांगतो, कारण माझ्याकडे येणारे बिघडलेले वस्तरे गंजापेक्षा उपचारांनी जास्त बिघडलेले असतात. लिंबू, चिंच, व्हिनेगर आणि तांब्या-पितळेची पावडर देवाच्या भांड्यांसाठी. आम्ल गंज खातं तसंच पोलादही खातं, पातं काळपट राखाडी होतं आणि पिनेच्या फटीत राहिलेलं आम्ल पुढे महिनोन्महिने काम करत राहतं. संडास साफ करायच्या ॲसिडबद्दल तर बोलायलाच नको. जंतू मारायला ब्लीचमध्ये बुडवणं हेही तितकंच वाईट, तासाभरात खड्डे पडतात. निर्जंतुक करायला ७० टक्क्यांचं अल्कोहोल वापरा आणि कोरडं पुसा.

आणि बफिंगवाल्याकडे देऊ नका. चाकाच्या घर्षणाने पातळ पातं क्षणात तापतं. साधारण २०० अंश सेल्सियसच्या पुढे कडेला गवती पिवळा रंग दिसतो, ३०० च्या आसपास निळा. तो रंग पॉलिशने निघेल, पोलादाचं गेलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, मात्र परत येत नाही. अशा वस्तऱ्याला निसण्यावर धार लागते आणि अर्ध्या दाढीत उतरते. शिवाय चाक पातं पकडून भिरकावतं तो धोका वेगळाच.

धारेवरचा खड्डा

पात्याच्या पोटावरचा खड्डा दिसायला वाईट, बाकी निरुपद्रवी. धारेपासून मिलिमीटरभर अंतरात असेल तर गोष्ट वेगळी. निसता निसता धार मागे सरकते आणि एक दिवस खड्ड्याला भिडते, तिथे दाता पडतो. ओळखायचं असं की धार वर करून दिव्याखाली धरा आणि सावकाश फिरवा. चांगली धार दिसतच नाही. जिथे चमचमता बिंदू दिसतो तिथे ती तुटलेली आहे. एखाददुसरा बिंदू जाडसर निसण्याने, १००० च्या दगडावर, धार थोडी मागे नेऊन जातो. पण प्रत्येक वेळी तुटलेल्या जागी आत आणखी पोखरलेलं पोलाद निघत असेल, तर तो वस्तरा दाढीसाठी संपला. गालावर तो कातडी ओरबाडतो.

पावसाळ्यात ठेवायचा कुठे

बाथरूममध्ये नाही. गिझरची वाफ, खिडकी नाही, आरशामागचं कपाट, यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजायचा वेग एकदम वाढतो, आणि कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर ती त्याच्या बरीच वर असते, वर समुद्राचं मीठ. दाढी झाली की पुसून, परजून, बाहेरच्या खोलीत पातं उघडंच तासभर ठेवा, मग तेलाचं बोट आणि मग मिटवा. जास्त दिवस ठेवायचा असेल तर यंत्रांचे सुटे भाग गुंडाळतात तो गंज अडवणारा व्हीसीआय कागद मिळवा. त्यात गुंडाळलेला वस्तरा प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलसोबत चार महिने आरामात राहतो, अर्थात मूठ सेल्युलॉइडची नसेल तर. सिलिका जेलची पुडी मधूनमधून गरम करून वाळवावी लागते, नाहीतर ती नुसती शोभेची.

तेल शिलाई मशीनचं उत्तम, जपानी लोक वापरतात ते कॅमेलियाचंही उत्तम, आणि काहीच नसेल तर व्हॅसलीन. खोबरेल नको, ते खवट होतं आणि त्यातली आम्लं पोलादाला लागतात. जवसाचं तर अजिबात नको, ते वाळून चिकट थर बनतं आणि स्पिरिटच्या कापसाने आपण सुरुवातीला काढला तो मधाळ डाग पुढच्या वर्षी तुम्हाला परत काढावा लागेल. वापरण्याआधी तेल स्पिरिटने पुसून मगच परजा, म्हणजे चामड्याच्या पट्ट्याला तेल लागणार नाही.